सर, अजून एक कोर्स घेऊ का?

नमस्कार, श्रोतेहो.

नवं सत्र सुरू झालं की फॉर्म हातात घेऊन मुलं स्टाफरूमच्या दाराशी उभी राहतात. "सर, अजून एक घेऊ का?" अजून एक म्हणजे कधी 'स्वयम' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरचा ऑनलाइन कोर्स, कधी हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा. २०२२पासून एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी मिळाली, तेव्हापासून कधी बाहेरून दुसरी पदवीसुद्धा. बरीच वर्षं मी "घे की" म्हणून सही करत आलो. आता आधी मुलाला समोर बसवतो.

याला कारण एक विद्यार्थिनी. बीएस्सीचं दुसरं वर्ष, रोज गावाहून एसटीने येणारी. सत्राचे नेहमीचे २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायची एककं, पहिल्या वर्षाची एक केटी, म्हणजे नापास झालेला विषय, राहिलेली, आणि त्यावर तिने 'स्वयम'चे दोन कोर्स घेतले. मैत्रिणींनी घेतले होते म्हणून. फॉर्मवर सही माझीच होती, आणि केटीबद्दल मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात तिचं जर्नल तपासायला घेतलं. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेला समास, वर प्रयोगाचं नाव, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. निरीक्षणांचे तक्ते मात्र कोरे. मी विचारलं तर म्हणाली, "सर, वही उघडून बसते आणि तशीच झोप लागते."

मग त्याच जर्नलच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी हिशेब मांडला. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास. सत्र साधारण १५ आठवड्यांचं धरलं, तर तिच्या थिअरीच्या १६ क्रेडिटचे आठवड्याला १६ तास आणि प्रॅक्टिकलच्या ६ क्रेडिटचे १२. झाले २८. एसटीचे जाऊन-येऊन रोज तीन तास, सहा दिवसांचे १८. थिअरीच्या दर तासामागे घरी एक तास वाचन धरलं, आणखी १६. वर चार-चार क्रेडिटचे दोन ऑनलाइन कोर्स, त्यांचे ८. बेरीज ७० तास. म्हणजे रविवार धरून रोजचे दहा, आणि यात केटीचा अभ्यास, संध्याकाळच्या भाकरी, धाकट्या भावाचा अभ्यास काहीच धरलेलं नाही. ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला वाटलं, मीच आळशी आहे."

मुलांनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या मुलीला उठल्यापासून झोपेपर्यंत उसंत नाही, ती स्वतःला आळशी समजत होती.

तिने दोन्ही कोर्स सोडले. केटी सुटली. जानेवारीच्या सत्रात त्यांतला एक कोर्स पुन्हा घेतला, आणि या वेळी शेवटपर्यंत नेला.

आता तुमच्याबद्दल. सत्राचे २० ते २२ क्रेडिट बहुतेक ठिकाणी ठरलेलेच असतात, त्यात फारसं कमी-जास्त करता येत नाही. वरचं काय घ्यायचं, ते मात्र तुमच्या हातात आहे. केटी असेल तर तो एक पूर्ण विषय म्हणून आधी मोजा. 'स्वयम'वर नाव फुकट नोंदवता येतं, पण परीक्षेची नोंदणी वेगळी आणि तिची फी वेगळी. ते क्रेडिट आपलं कॉलेज धरणार का, हे कोर्स सुरू करण्याआधी विचारा. नंतर विचारून हळहळणारी मुलं मी पाहिली आहेत.

ज्यांना घरचं काम किंवा नोकरी सांभाळून शिकायचं आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४च्या अखेरीस पदवी कमी किंवा जास्त सत्रांत पूर्ण करण्याची मुभा दिली. जास्त मुदत घेणाऱ्याला दर सत्राला कमी क्रेडिट घेता येतात, तीन वर्षांची पदवी आठ सत्रांपर्यंत नेता येते, आणि हातात पडणारी पदवी तीच असते. हा निर्णय पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी घ्यायचा असतो. तुमच्या विद्यापीठात ही सोय सुरू झाली आहे का, ते ऑफिसात जाऊन विचारा. संकोच वाटत असेल तर एखाद्या शिक्षकांना बरोबर न्या. आम्ही येतो.

नमस्कार.