रोखून धरण्याचं काम

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची १.० ही आवृत्ती अधिकृतपणे कधी निघालीच नाही. १९९५च्या डिसेंबरात सीडी विकणाऱ्या एका कंपनीने काम चालू असलेली प्रत चुकून १.० म्हणून विकायला काढली. मग घोळ नको म्हणून प्रकल्पाने तो आकडाच सोडला आणि जून १९९६ मध्ये थेट १.१ आणली. नवी आवृत्ती कधी सोडायची हे ठरवणाऱ्या रिलीज टीमचं काम काय, असं कुणी विचारलं की मला हाच प्रसंग आठवतो.

आज डेबियनमध्ये साठ हजारांवर पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, आहेत. ती सांभाळणारे बहुतेक स्वयंसेवक, त्यांना हुकूम सोडणारा कुणी नाही. मग मेळ बसतो कसा? मेंटेनरने, म्हणजे ते सांभाळणाऱ्याने, चढवलेलं पॅकेज आधी अनस्टेबल या कच्च्या शाखेत येतं. तिथून टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखेत, सोडायचं की नाही हे ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्राम तपासतो. निकडीनुसार साधारण दोन, पाच किंवा दहा दिवस थांबायचं. ठरलेल्या आर्किटेक्चरांवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांवर, ते बिल्ड झालेलं (मूळ कोडवरून तयार झालेलं) हवं, नवा गंभीर बग नको आणि त्याच्या येण्याने टेस्टिंगमधलं दुसरं काही मोडायला नको. खरी कसोटी लागते ती एखाद्या मोठ्या लायब्ररीचा (अनेक प्रोग्राम वापरतात त्या सामायिक कोडचा) इंटरफेस बदलला की. तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं पुन्हा बिल्ड करून एकत्र आत न्यावी लागतात. त्यातलं एक जरी अडलं, तरी बाकीची दारातच ताटकळतात. हे निस्तरणाऱ्यांची चिकाटी बघून मी थक्क होतो.

आणि मग फ्रीझ, म्हणजे रिलीजआधी नवे बदल थांबवून फक्त दुरुस्त्या करायचा काळ. वुडी ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली, तिच्यानंतरची सार्ज जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं गेली. आता फ्रीझच्या तारखा आधीच जाहीर होतात, रिलीजची तारीख मात्र गंभीर बग आटोक्यात आले की ठरते. मला हीच पद्धत रास्त वाटते. डेबियनवरच आधारलेली उबुंटू दर सहा महिन्यांनी निघते, पण तिथेही २००६ मध्ये एप्रिलची ६.०४ लांबली आणि जूनची ६.०६ झाली.

जुनी पॅकेजं म्हणून स्टेबलला, म्हणजे रिलीज झालेल्या पक्क्या आवृत्तीला, लोक नावं ठेवतात. २९ मार्च २०२४ आठवा. एसएसएचने (दूरच्या संगणकावर) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप घुसवलेला चोरदरवाजा उघड झाला. दिवस मोजणारी चाळणी त्याला अडवू शकली नव्हती, हे मान्य करायलाच हवं. ते पॅकेज टेस्टिंगपर्यंत पोचलं होतं. स्टेबलमध्ये मात्र एक्सझेडचं जुनं ५.४.१ होतं, तिथे झळ पोचली नाही. अनस्टेबलमध्ये लगोलग जुना कोड परत आणला गेला. पण आवृत्तीचा आकडा मागे नेता येत नाही, म्हणून त्या पॅकेजवर लिहिलं होतं: ५.६.१+रिअली५.४.५-१.