राउटर थांबला म्हणजे बंद झाला का?

नमस्कार. आज बोलायचंय सीएनसी राउटरबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर प्लाय-लाकूड कापणाऱ्या मशीनबद्दल. गॉगल, कानावरचे मफ, बंद बूट यांवर मी वेळ घालवणार नाही; ते दारावरच्या पाटीवर आहेच. हातमोज्यांचं मात्र सांगून टाकतो, कारण लोकांचा समज नेमका उलटा असतो. स्पिंडल, म्हणजे कापायचं बिट धरून गरगर फिरणारा भाग, फिरत असताना हातमोजे घालायचे नाहीत. बिट मोजा गुंडाळून घेतं आणि मोज्याबरोबर बोटं जातात. ओढणी आणि गळ्यातली आयडी कार्डाची दोरी यांनाही तेच लागू.

२००२ साली पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे अशा मशीनची सगळ्यांना वापरता येणारी वर्कशॉप, सुरू झाली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी ती एक. तेव्हापासून अशा सामायिक वर्कशॉपांमुळे, स्वतःचं मशीन नसलेल्या कितीतरी जणांना राउटर चालवायला मिळाला. उत्तमच झालं. पण कारखान्यातल्या ऑपरेटरला आपल्या मशीनचा आवाज पाठ असतो. इथे सकाळी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, दुपारी फर्निचरवाला, संध्याकाळी कुणी हौशी. आधीच्याने झीरो (मशीनच्या मोजमापाचा आरंभबिंदू) कुठे ठेवलाय, कोलेट (बिटाची पकड) नीट आवळलंय का, टेबलात एखादा स्क्रू राहिलाय का, हे पुढच्याला कोण सांगणार? माझ्या मते सामायिक वर्कशॉपचा खरा धोका मशीन असं एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यातच आहे.

आता हे बघा. प्लायचा कापलेला तुकडा सुटून हलायला लागला. तुम्ही फीड होल्ड, म्हणजे काम मध्येच थांबवायचं बटण, दाबलं; गँट्री (स्पिंडल वाहून नेणारी आडवी कमान) जागच्या जागी थांबली. पण बऱ्याच कंट्रोलरवर फीड होल्डने फक्त सरकणं थांबतं, स्पिंडल फिरतच राहतो. तुम्ही तुकडा काढायला वाकलात. कॉम्प्युटरपाशी बसलेल्या मित्राला वाटलं, काम अडकलंय; त्याने काम पुढे चालू करायचं बटण, सायकल स्टार्ट, दाबलं. ६ मिलिमीटरचं बिट १८,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) फिरतं तेव्हा धारेचा वेग ताशी २० किलोमीटर असतो. टेबल सपाट करायचं २५ मिलिमीटरचं बिट त्याच आरपीएमला लावलं, तर ताशी ८५.

म्हणून माझा आग्रह एवढाच: गँट्रीखाली हात घालायचा तर स्पिंडल पूर्ण थांबलेला हवा, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलेलं हवं आणि किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात हवी. बिट बदलतानाही हेच. ‘इमर्जन्सी दाबलंय ना’ एवढ्यावर भागत नाही. ते लाल बटण कुणीही फिरवून सोडवू शकतो. आणि माल हवेच्या शोषणाने धरून ठेवणारं व्हॅक्यूम टेबल असेल तर वायरिंग करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: लाल बटणाने व्हॅक्यूमही लगेच जातो का? जात असेल तर स्पिंडल अजून फिरतोय आणि माल मोकळा झालाय, अशी वेळ येते.

आगीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण ती भित्र्या माणसाच्या हातून लागते. नवखा माणूस सुरक्षित म्हणून फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, कमी करतो. दोन धारांचं बिट, १८,००० आरपीएम, मिनिटाला ३,००० मिलिमीटर फीड: प्रत्येक धार साधारण ०.०८ मिलिमीटरचा कीस काढते आणि उष्णता किसाबरोबर निघून जाते. फीड ६०० वर आणलं की कीस ०.०१७ वर येतो. मग बिट कापत नाही, घासतं. एमडीएफ काळं पडतं, जळका वास येतो आणि एखादी ठिणगी डस्ट कलेक्टरच्या पिशवीत जाऊन बसते. तिथे भुसा आणि हवा दोन्ही आहेत. ती तासन्‌तास धुमसू शकते, तोवर आपण घरी जेवत असतो. जळका वास आला की काम थांबवा, पिशवी उघडून बघा आणि तो भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून इमारतीबाहेर ठेवा.

शेवटचा मुद्दा रात्रीच्या बुकिंगचा. २०११ साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये रात्री एकटीच लेथवर काम करणाऱ्या विद्यार्थिनीचे केस मशीनमध्ये अडकले आणि तिचा जीव गेला. मशीन वेगळं, प्रश्न आपलाच. बुकिंगच्या वहीत दुसऱ्या माणसाच्या नावाचा रकाना घाला. तो माणूस हाकेच्या अंतरावर हवा आणि लाल बटण कुठे आहे ते त्याने स्वतः दाबून पाहिलेलं हवं. तो रकाना रिकामा असेल तर मशीनची किल्ली द्यायची नाही, मग सबमिशन उद्या असो की आज.