कललेले थर काय सांगतात

श्रोतेहो, नमस्कार.

जपानच्या दक्षिणेला नानकाई नावाची सागरी गर्ता आहे. तिथे फिलिपीन समुद्राचा भूपट्ट वर्षाला साधारण ४ ते ६ सेंटिमीटर वेगानं जपानखाली शिरतो. अशा जागेचं नाव निघालं की भूकंप आणि त्सुनामी आठवतात. मी मात्र आज तिथल्या गाळाबद्दल बोलणार आहे, कारण खालचे प्रस्तरभंग, म्हणजे ज्यांच्यावरून खडक सरकतो त्या भेगा, लाखो वर्षांत कसे हलले, याची सगळ्यात लांबलचक नोंद त्या गाळात आहे.

खाली जाणाऱ्या भूपट्टाच्या पाठीवरचा गाळ वरच्या भूपट्टाच्या कडेला खरवडला जातो आणि तिथे त्याची चळत रचली जाते. या चळतीत जागोजागी प्रस्तरभंग असतात. त्यातला एखादा फार मोठा. तो दोन भूपट्टांच्या सीमेपासून फुटतो आणि तिरका वर चढत समुद्रतळाजवळ पोचतो. त्याच्यावरचा खडक सरकला की किनाऱ्यापासून दूरची कड उचलली जाते. शेताचा बांध वाहती माती धरून ठेवतो, तशी ही उचललेली कड जमिनीकडून आलेला गाळ अडवते, आणि तिच्यामागे खोरं भरत जातं.

जपानच्या ‘की’ नावाच्या द्वीपकल्पासमोरचं कुमानो खोरं असंच घडलं. पाणी सुमारे २ किलोमीटर खोल, तळ जवळजवळ सपाट. पण जहाजावरून ध्वनितरंग सोडून, त्यांच्या प्रतिध्वनींवरून तळाखालचा छेद काढला की वेगळंच दिसतं. वरचे थर आडवे आहेत. खाली जावं तसे ते जमिनीकडे अधिकाधिक कलत जातात. शिवाय एकच थर समुद्राकडे पातळ, जमिनीकडे जाड. म्हणजे कड उचलली जात असतानाच गाळ पडत होता. आधीचे थर कलले, नंतरचे त्यांच्यावर सपाट बसले. दोन थरांमधला कोन मोजला आणि सूक्ष्म जीवाश्मांवरून त्यांचं वय काढलं, की प्रस्तरभंग कधी जोरात हलला आणि कधी मंदावला, हे कळतं. मला या शास्त्रातलं सगळ्यात देखणं काम हेच वाटतं. कुमानोचा तो मोठा प्रस्तरभंग सुमारे २० लाख वर्षांपूर्वी हलू लागला, असं यातूनच समजलं. ७ डिसेंबर १९४४ च्या तोनानकाई भूकंपात आणि त्सुनामीत त्याचा वाटा असावा, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

आणखी एक गोष्ट. भूपट्ट एकमेकांवर दाबले जात असूनही कुमानोच्या वरच्या थरांत ताणामुळे पडलेले लहान प्रस्तरभंग आढळतात. खाली दाब आणि वर ताण, दोन्ही एकाच जागी.

सगळीकडे टक्कर समोरासमोर होत नाही. सुमात्राजवळ भूपट्ट तिरका शिरतो. त्यातली आडवी सरक सुमारे १९०० किलोमीटर लांबीचा सुमात्रा प्रस्तरभंग झेलतो. उत्तरेला याच आडव्या ओढीनं अंदमान समुद्राचा तळ फाकत गेला आहे. तिथलं खोरं बांध उचलल्यानं नाही, तर जमीन ताणली जाऊन खचल्यानं तयार झालं.

कुमानोत २००७ पासून ‘चिक्यू’ या जहाजानं विवरं खोदली. एक तर समुद्रतळाखाली ३ किलोमीटरहून खोल गेलं. काही विवरांत दाबमापकं बसवून ती केबलनं किनाऱ्याशी जोडली आहेत. त्यांनी कित्येक दिवस चालणारी मंद सरक टिपली आहे. ती इतकी हळू असते की जमीन हादरत नाही, पण विवरातल्या पाण्याचा दाब मात्र बदलतो.