पोकळ बासची दुरुस्ती: माळ्यावरून पुन्हा वाजेपर्यंत

[दृश्य: जुनी पेटी. झाकण उघडतं. आत व्हायोलिनच्या आकाराचा बास गिटार.]

बुबेनरॉइट हे बवेरियातलं छोटं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातल्या शोनबाखमधून हुसकावलेले जर्मन वाद्यकारागीर इथे येऊन वसले. १८८७ साली कार्ल हॉफ्नरने शोनबाखमध्ये सुरू केलेला व्यवसायही त्यांच्याबरोबर आला. पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिनं घडवणाऱ्या या लोकांनी इलेक्ट्रिक बास केला, तोही व्हायोलिनच्याच घडणीचा: पुढे स्प्रूस, पाठीला आणि कडांना मेपल, आतून पूर्ण पोकळ. वाल्टर हॉफ्नरने १९५५ च्या सुमारास तो आखला. मॉडेलचा क्रमांक ५००/१.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांत घेतलेला बास याच मॉडेलचा. १९७२ मध्ये तो लंडनमध्ये चोरीला गेला. २०२३ मध्ये जाहीर शोधमोहीम निघाली आणि तो एका घराच्या माळ्यावर सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो मालकाकडे परत पोहोचल्याचं जाहीर झालं.

असे बास पुष्कळदा माळ्यावर सापडतात, आणि या वाद्याला त्याहून वाईट जागा नाही. उन्हाळ्यात तापलेल्या छताखाली सांध्यातला सरस मऊ पडतो, लाकूड सुकून आकसतं, आणि ताणलेल्या तारा मान पुढे ओढत राहतात.

[दृश्य: बास पाठीवर उलटा. मानेचा सांधा जवळून.]

सापडलेला बास अस्सल आहे का, हे पाठीवर कळतं. मानेच्या बुडाशी चार स्क्रू आणि पत्रा दिसला, तर तो नंतरच्या नकलांपैकी. अस्सल ५००/१ ची मान धडात चिकटवलेली असते. नटाला (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) लागूनच शून्याचा फ्रेट असतो; फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. नटापासून ब्रिजपर्यंत (धडावरचा तारांचा आधार) तारेची लांबी सुमारे ७६ सेंटिमीटर, म्हणजे बाराव्या फ्रेटपर्यंत ३८. पिकअपांची, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागांची, जागा काळ सांगते: १९६१ च्या बासवर दोन्ही पिकअप फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या फळीच्या) टोकाशी जवळजवळ बसवलेले आहेत, पुढच्या वर्षांत मागचा पिकअप ब्रिजकडे सरकला.

आता तारा सैल करा, पण ब्रिज हलवू नका. तो फक्त तारांच्या दाबाने उभा असतो. त्याची जागा कागदी साच्यावर आखून ठेवा. चिकटपट्टी लावायची नाही. ती काढताना साठ वर्षांचं लाखेचं पापुद्रं सोबत येतं.

मग वरच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकत जा. आवाज भरीव आला तर ठीक. खरखर किंवा टपटप ऐकू आली, तर आतली आधारपट्टी सुटली आहे. या बासला ध्वनिछिद्र नाही, म्हणून पिकअप काढून त्या खाचेतून छोटा आरसा आणि दिवा आत घालावा लागतो. सुटलेली पट्टी सरसाने परत बसते: एक भाग सरस, दोन भाग पाणी, थंड पाण्यात फुगवायचा, मग ६० ते ६३ अंशांवर पातळ करायचा. उकळू द्यायचा नाही, उकळलेल्या सरसाची पकड जाते. शिकंजा किमान बारा तास.

[दृश्य: लांब सरळ पट्टी फ्रेटवर, टोक ब्रिजपाशी.]

खरा प्रश्न मानेचा. लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याशी आलं, तर कोन शाबूत आहे. बरंच खाली आलं, तर मान पुढे झुकली आहे आणि ब्रिज कितीही उतरवला तरी तारा उंचच राहणार. कित्येक जण इथे ब्रिज तासून वेळ मारून नेतात. आमच्या मते हे वाद्याचं नुकसान आहे, कारण तासलेला मूळ ब्रिज परत मिळत नाही आणि झुकलेली मान तशीच राहते.

मान उतरवायची तर आधी फ्रेटबोर्डचं धडावरचं टोक गरम करून पातळ सुरीने सोडवतात. मग सांध्यावरचा एक फ्रेट काढून त्याच्या खाचेत दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडतात आणि सुईने वाफ सोडतात. वाफ थोडी-थोडी, जास्त झाली तर लाख पांढरी पडते आणि फ्रेटबोर्डही सुटू लागतो. मान निघाल्यावर जुना सरस कोमट पाण्याने पुसून काढा, लाकूड दोन-तीन दिवस सुकू द्या, आणि मगच मेपलची पातळ पाचर घालून कोन साधा. ओल्या सांध्यात पाचर बसवली, तर लाकूड आकसल्यावर ती सैल होते.

कडेची पांढरी पट्टी आणि पिकगार्ड (धडावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला पत्रा) सेल्युलॉइडचे, म्हणजे जुन्या प्लास्टिकचे. पट्टी आकसून बासच्या कंबरेपाशी सुटते. ओढून चिकटवायला जाल तर मध्येच तुटेल. योग्य जागी कापून, फटीत त्याच जातीचा तुकडा बसवावा. सेल्युलॉइडचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा भेग भरतो, पण ॲसिटोनचा एक थेंबही लाखेवर नको. पिकगार्डला तिखट, आम्ल वास येत असेल आणि जवळचे स्क्रू हिरवे पडले असतील, तर ते कुजायला लागलं आहे. ते काढून वेगळ्या हवेशीर जागी ठेवा, नाहीतर पिकअपांचा धातूही खाईल. हा पदार्थ झटकन पेट घेतो, म्हणून सोल्डरिंग करताना तो आसपास नसावा.

[दृश्य: कंट्रोल पट्टी उलटी, वायरी उघड्या.]

वायरिंग त्यामानाने सोपं. मीटरने प्रत्येक पिकअप मोजा: काही हजार ओहम आले तर तो जिवंत, काहीच नाही आलं तर गुंडाळी तुटली. तुटलेली गुंडाळी पुष्कळदा टोकाशीच तुटते, त्यामुळे पुन्हा गुंडाळण्याआधी भिंगाने तपासा. खरखरणाऱ्या पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणारं बटण) आणि सरकत्या स्विचांत क्लीनर मारून ते वीस-तीस वेळा फिरवा. गुणगुण थांबत नसेल, तर तारा बांधतात त्या टेलपीसला जाणारी अर्थ वायर सुटली आहे का पाहा.

शेवटी ब्रिजचा पाया: बासच्या घुमटावर सँडपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवा, त्यावर ब्रिज घासा, आधी १२० मग २२० नंबरचा, पायाखाली प्रकाश दिसेनासा होईपर्यंत. तारा फ्लॅटवाउंडच, म्हणजे चपट्या धातूपट्टीने गुंडाळलेल्या. विकत घेण्याआधी टेलपीसपासून नटापर्यंत अंतर मोजा; जाड गुंडाळी नटापलीकडे पोहोचायला हवी. मानेला हलका बाक, ०.२ ते ०.३ मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवर ई तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटर उंच, जी दोन. मग ब्रिजवरचे फ्रेटच्या तारेचे तुकडे एकेका खाचेत सरकवत बाराव्या फ्रेटचा सूर जुळवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, कारण नव्या तारा आणि नवा सांधा दोन्ही रात्रीत थोडे बसतात.