कुठं लागलं?

(रात्रीचा अपघात विभाग. स्ट्रेचरवर फडक्यात गुंडाळलेला हात. चेहरा दिसत नाही.)

डॉक्टर विचारतात, "कुठं लागलं?"

स्ट्रेचरवरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत शेजारचा सुपरवायझर बोलून मोकळा होतो, "घरीच, साहेब. दारात बोट चेमटलं."

केसपेपरवर तेवढंच उतरतं. कारखान्याचं नाव नाही, मशीन नाही, पाळी नाही. जखमेला टाके पडतात आणि त्याच मिनिटाला भरपाईच्या दाव्याला भोक पडतं.

(सकाळ. पत्र्याची शेड. पॉवर प्रेसचा ठोका, एकामागून एक.)

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, बुटीबोरी. कुठल्याही एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत हा ठोका ऐकू येतो. वरून डाय, म्हणजे साचा, खाली येतो, पत्र्याला आकार देतो, वर जातो. तो वर असताना पार्ट उचलायचा आणि नवा पत्रा सरकवायचा. हात आत असताना ठोका पडू नये म्हणून मशीनला सेन्सर असतो, किंवा दोन्ही हातांनी एकदमच दाबावी लागतील अशी दोन बटणं असतात. या सोयींमुळे वेग कमी होतो. म्हणून कुठं सेन्सर बंद करून ठेवलेला असतो, कुठं एका बटणावर टेप लावलेली असते, कुठं बटणांऐवजी पायाचं पॅडल जोडलेलं असतं.

मग खोटं कशासाठी बोलायचं, हे वेगळं सांगायला नको. जखमी कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याला अपघात कळवावा लागतो. कळवला की औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा अधिकारी येणार, आणि त्याला ती टेप दिसणार.

आणि कामगार गप्प का बसतो? सुपरवायझर त्याला गाडीतच सांगतो, "दवाखान्याचं सगळं शेठ बघणार आहेत. तू फक्त घरी लागलं म्हण. कामावर ठेवतो तुला." खोलीचं भाडं थकलेलं आहे, गावाकडं पैसे पाठवायचे आहेत. त्या रात्री हा सौदा त्याला तोट्याचा वाटत नाही. त्याला मूर्ख म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या जागी बसून बघावं.

(टेबलावर कागद. एक एक कागद पुढे येतो.)

आता कागदांचं. या फिल्ममध्ये कोर्टाच्या पायऱ्या फारशा दिसणार नाहीत, कारण बहुतेक दावे तिथं पोचायच्या आधीच जिंकलेले किंवा हरलेले असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत.

डॉक्टरांना खरं सांगायचं : कुठल्या कारखान्यात, कुठल्या मशीनवर, किती वाजता. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, करा म्हणायचं. एमएलसी झाली की दवाखाना पोलिसांना कळवतो आणि अपघाताची तारीख सरकारी कागदावर येते. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का, ते विचारायचं. नसेल झाली तर मालकाला साध्या भाषेत चार ओळींचं पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवायचं आणि पावती जपून ठेवायची. कायद्यानं अपघाताची सूचना देणं हे कामगाराचं काम आहे. मात्र मालकाला अपघात दुसऱ्या वाटेनं कळला होता हे दाखवता आलं, तर सूचना दिली नाही एवढ्यावरून दावा बुडत नाही. सुपरवायझरनं स्वतः दवाखान्यात आणलं होतं, म्हणजे मालकाला कळलं होतंच.

नोकरीचा पुरावा मात्र जमवावाच लागतो. हजेरी कार्ड, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळीचे आलेले मेसेज. ज्याला पगार रोख मिळतो त्याची इथं दमछाक होते. मग शेजारच्या मशीनवरचा साक्षीदार लागतो, आणि त्याला अजून तिथंच नोकरी करायची असते.

केसपेपरवर आधीच 'घरी लागलं' लिहिलं गेलं असेल तर? खेळ संपला असं नाही. पण दाव्यात आधी ते वाक्य खोडून काढावं लागतं. मालकाचा वकील तोच कागद पुन्हा पुन्हा पुढे करतो.

(ईएसआयसीचं कार्ड. त्यावर बोट फिरतं.)

पुढचा रस्ता दोन फाट्यांचा आहे. कोणत्या फाट्यानं जायचं, ते पगारपावतीवरची एक कपात ठरवते.

दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर माणूस राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत, मोडतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. अशा कामगाराला मालकाविरुद्ध वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही. त्याला ईएसआयसीकडूनच मिळतं : बरा होईपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम. मालकानं नोंदणीच केली नव्हती म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, पैसे मालकाकडून वसूल करणं हे ईएसआयसीचं काम. म्हणूनच अपघात झाल्यावर घाईघाईनं कामगाराची नोंदणी उरकण्याचे प्रकार होतात. कार्डावरची तारीख आणि केसपेपरवरची तारीख शेजारी ठेवून बघा.

ईएसआयसीत नसलेल्यांसाठी १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा. १ जुलै १९२४पासून तो लागू झाला, आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. आधी त्याच्या नावात कामगार होता, २०१० साली कर्मचारी झाला. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कामगारांना कुणी सांगत नाही. चूक कुणाची, हा प्रश्न इथं जवळजवळ गैरलागू आहे. "त्याचंच लक्ष नव्हतं" हा मालकाचा बचाव होत नाही. काम करताना, कामामुळं अपघात झाला एवढं पुरतं. दारू पिऊन होता किंवा जाणूनबुजून सुरक्षेची सोय काढली, असं म्हणायला मालकाला जागा आहे, पण ते मालकानंच सिद्ध करायचं. आणि मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर तीही जागा उरत नाही.

(फळा. खडूनं आकडे.)

आता हिशोब. वय २५, पगार १२,०००, उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली.

पगाराचे ६० टक्के, ७,२००. वयाप्रमाणे एक गुणांक असतो, पंचविसाव्या वर्षाला तो २१६.९१. गुणाकार १५,६१,७५२. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. तर्जनीचे १४ टक्के. म्हणजे २,१८,६४५ रुपये.

कायद्याला जोडलेल्या यादीत शरीर असं टक्क्यांत मांडलेलं आहे. अंगठा ३०. मधलं बोट १२. करंगळी ७. तर्जनीचं नुसतं टोक गेलं आणि हाड शाबूत असेल तर ५. गंमत बघा, तर्जनी १४ आणि मधलं १२, पण एका हाताची दोन बोटं एकदम गेली तर २०. बेरीज २६ होते हे तिसरीतलं पोरही सांगेल. यादी करणाऱ्यांनी वेगळं काही धरलं असावं.

पगार २८,००० असला तरी हिशोबात १५,०००च धरतात. जानेवारी २०२०पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ती ८,००० होती. अनुभवी फिटरचा हात आणि नवख्या हेल्परचा हात इथं एका भावानं जातो.

पण टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही. १९६८ साली ओडिशात एका चित्रपटगृहाचं सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. यादीप्रमाणे काय ते टक्के द्या, असं मालकाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७५मध्ये ते मानलं नाही. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची ताकद शंभर टक्के गेली, असा निकाल लागला. म्हणून डॉक्टरांचा दाखला घेताना नुसता 'बोट नाही' एवढा घेऊ नये. तो माणूस काय काम करत होता आणि आता त्यातलं काय करता येत नाही, तेही त्यात यावं.

(उसाचा फड. पहाट. कोयत्यांचा आवाज.)

कारखान्याच्या गेटबाहेर हा कायदा संपतो, असा समज आहे. ऊसतोडीचं उदाहरण घेऊ. बीडची टोळी, पश्चिम महाराष्ट्रातला फड. जोडप्यानं मुकादमाकडून उचल घेतलेली. ट्रॉलीत मोळ्या भरताना नवरा वरून पडला आणि मणक्याला मार बसला. मुकादम म्हणतो, "उचल फिटली नाही अजून, भरपाई कसली?" साखर कारखाना म्हणतो, "हा आमचा माणूस नाही, मुकादमाचा."

दोन्ही उत्तरांना कायद्यात तोड आहे. ज्याच्या धंद्याचं काम कंत्राटदारामार्फत चालतं, त्या मुख्य मालकाकडंच भरपाई मागता येते. त्यानं ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. आणि भरपाईच्या रकमेवर जप्ती येत नाही, तिच्यातून कुठलं येणं वळतं करता येत नाही. उचलीचा हिशोब मुकादमानं दुसरीकडं करावा.

अर्ज करायला पुन्हा त्या फडाच्या जिल्ह्यात हेलपाटे मारायची गरज नाही. दावेदार राहतो तिथंही अर्ज चालतो. तो ऐकणारे आयुक्त म्हणजे कुठं कामगार न्यायालयाचे न्यायाधीश असतात, कुठं दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. मुदत अपघातापासून दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर ती माफ होऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये.

(स्टँपपेपर. शाईचा डबा, अंगठा.)

हा कागद नीट बघा. "माझी काही तक्रार नाही, वीस हजार रोख मिळाले, यापुढं कुठलाही हक्क सांगणार नाही." खाली सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. बघायला भारदस्त. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं चालत नाही. मृत्यूची भरपाई तर घरच्यांच्या हातात परस्पर देताच येत नाही, ती आयुक्तांकडंच जमा करावी लागते. तशी परस्पर दिली तर ती दिली असं धरतच नाहीत. एक महिन्यात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

हे सगळं कामगाराला कामावर घेतानाच लेखी कळवायचं, अशी सक्ती २०१७पासून आहे. १९२३च्या कायद्यात न कळवल्यास किमान ५०,००० रुपये दंड होता. कारखान्यांत फिरताना तुमच्या ओळखीच्या एखाद्याला विचारून बघा, त्याला असा कागद मिळाला होता का.

२१ नोव्हेंबर २०२५ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३चा व ईएसआयसीचा, हे दोन्ही कायदे तिच्यात गेले. भरपाईचं सूत्र तेच राहिलं. घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरायचा, असं आता थेट लिहिलेलं आहे. ते लिहिलं जायच्या आधी महाराष्ट्रातल्या एका घराला काय काय करावं लागलं, ते सांगून थांबतो.

(अंधारातला रस्ता. मोटारसायकलचा दिवा. दूर कारखान्याच्या चिमणीचा धूर.)

२२ एप्रिल २००३. साखर कारखान्यातला एक रखवालदार. पाळी पहाटे तीनची, म्हणून अंधारातच मोटारसायकलवर निघालेला. कारखाना पाचएक किलोमीटर राहिला असताना अपघात झाला आणि तो गेला. मागं बायको, चार मुलं, म्हातारी आई.

उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज द्यायला सांगितलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. २०११ साली औरंगाबाद खंडपीठानं आदेश रद्द केला : अपघात रस्त्यावर झाला, कामावर नव्हे. पहाटे तीनला हजर राहायचं तर माणूस त्या वेळी रस्त्यावर दुसऱ्या कशासाठी असणार, हा साधा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. २९ जुलै २०२५ला निकाल आला आणि आयुक्तांचा आदेश पुन्हा उभा राहिला.

अशा रकमेतला अल्पवयीन मुलांचा वाटा ती मोठी होईपर्यंत त्यांच्या नावे गुंतवून ठेवायची सोय कायद्यात आहे. या चौघांसाठी तिची गरज पडली नाही. निकालाच्या दिवशी त्यांच्यात कुणीच अल्पवयीन उरलं नव्हतं.

(दिवा वळणावर दिसेनासा होतो.)