पिशवीतला कागद

(दृश्य: जळगावातल्या एका दवाखान्याबाहेरचा बाक. मांडीवर प्लास्टिकची पिशवी.)

खानदेशात शुगरचा पेशंट येतो तो पिशवी घेऊन. कोणी चोपड्याहून एसटीनं, कोणी यावलकडून पोराच्या मोटारसायकलवर. पिशवीत रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यासुद्धा. डोळ्यांचा कागद मागितला की मात्र चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी निघते. वर उत्तर तयार: "माले ते सम्दं बराबर दिखस."

दिसतं हे खरंच. मधुमेहानं डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांना फुगे येतात, रक्ताचे ठिपके पडतात, तरी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. म्हणून नंबर काढणं वेगळं आणि पडदा तपासणं वेगळं. टाइप 2 मधुमेह असेल, तर निदान झालं की लगेच पडदा बघायचा आणि पुढे साधारण दरवर्षी.

(दृश्य: डोळ्यात थेंब टाकताना परिचारिका.)

थेंबांनी बाहुली मोठी होते. मग काही तास जवळचं अंधुक दिसतं, उजेड सोसत नाही. भुसावळचा पारा 45 च्या घरात असताना गाडी चालवत घरी जायचं कसं? माणूस तपासणीच टाळतो, आणि त्याला हलगर्जी म्हणणं मला पटत नाही. सोबत कोणाला तरी आणा, एवढं आधीच सांगायला हवं.

(दृश्य: टेबलावर रिपोर्ट.)

तपासणी झाली, कागदावर आलं: 'डोळे तपासले.' एवढ्यावर शुगरच्या डॉक्टरांनी काय ठरवायचं? त्यांना उजव्या-डाव्या डोळ्याचं वेगवेगळं हवं, आजाराची पायरी हवी. 2003 पासूनच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पायऱ्या पाच: आजार नाही, सौम्य, मध्यम, तीव्र, आणि शेवटची, जिथं नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढू लागतात. पडद्याच्या मध्यभागी सूज आहे की नाही, हे वेगळं लिहायचं. ती आजाराच्या कुठल्याही पायरीवर येऊ शकते. 'आजार नाही' हेही लिहायचंच; पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

हा कागद शुगरच्या डॉक्टरांना का लागतो, ते बघा. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 11, म्हणजे खूप चढलेलं आहे आणि साखर झपाट्यानं खाली आणली, तर आधीच बिघडलेला पडदा सुरुवातीला आणखी बिघडू शकतो. साखर चढीच ठेवा, असा याचा अर्थ नाही; आटोक्यातली साखर पुढे डोळे वाचवते. पण उपचार वाढवण्याआधी पडद्याची पायरी ठाऊक हवी. पडदा बिघडलेला असेल, तर रक्तदाबाकडे आणि लघवीतल्या प्रथिनांकडेही जास्त लक्ष जातं.

अमेरिकेत नेत्रतज्ज्ञांच्या कामाची गुणवत्ता मोजताना हा एक निकष आहे: पायरी आणि सूज मधुमेह सांभाळणाऱ्या डॉक्टरांना कळवली का? आपल्याकडे बहुतेक वेळा पोस्टमन पेशंटच.

(दृश्य: तरुण मुलगा मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढतो.)

म्हणून निरोप आधी पेशंटला आणि घरच्यांना कळायला हवा. 'मॉडरेट एनपीडीआर' (म्हणजे वरची मध्यम पायरी) वाचून पोरगा मान हलवतो, समजत काहीच नाही. "पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, मध्यभागी सूज नाही, सहा महिन्यांनी या," हे त्याच्या आईला अहिराणीतून सांगितलं, की ती उलट विचारते, "आणि सूज आली तर?" तर इंजेक्शन किंवा लेझर. तीव्र पायरीवर तर तीन-चार महिन्यांतच परत यावं लागतं. ती तारीख कपाशीच्या वेचणीत येत असेल, तर तिथल्या तिथे बोलून सोयीची करून घ्या आणि कागदावर लिहून घ्या.