सुरतेच्या कबरस्तानातले ऑक्झिंडेन

मंडळी, आजचा विषय जाहीर झालाय तो असा, की सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी आपल्या कबरींवर मुघली घुमट का बांधले. तिकडे येतोच. पण बरीच वर्षं मनात साठलेलं एक आधी सांगू द्या.

सुरत म्हटलं की आपल्याला जानेवारी १६६४ आठवतो. इनायतखान किल्ल्यात दडून बसला, महाराजांनी शहर लुटलं, हे चौथीतलं पोरही सांगेल. त्या वेळी इंग्रजांची वखार ज्यानं लढवली आणि खंडणी द्यायला साफ नकार दिला, तो जॉर्ज ऑक्झिंडेन. औरंगजेबानं खूश होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली ती त्यावरूनच. पुढे कंपनीच्या मुंबईचा पहिला गव्हर्नरही तोच. हा माणूस आजही सुरतेतच आहे, कतारगाम दरवाजाजवळ, सख्ख्या भावासोबत एकाच इमारतीखाली. आपल्याकडून सुरतेला बसच्या बस भरून जातात त्या साड्यांच्या बाजारात. कबरस्तानात कोण जातं? मला नेणारा रिक्षावाला शहाद्याकडचा होता. अहिराणीत म्हणाला, तिथे काय बघायचं? मी त्याला आत घेऊन गेलो. आपल्या इतिहासाची दुसरी बाजू तिथे निजलीय, आणि तीही बघायला हवी, हे मी मनापासून सांगतोय.

आत गेल्यावर आधी मान वर जाते. दुमजली इमारत, कोपऱ्यांना जाडजूड खांब, वर घुमट. थोरल्या मशिदीच्या आवारात उभे आहोत असंच वाटतं. मग लॅटिन लेख दिसतात. जॉर्जचा हा भाऊ, ख्रिस्तोफर ऑक्झिंडेन, १६५९ साली वारला, फार लवकर. त्याचा मृत्युलेख अगदी कीर्दखतावणीच्या थाटात आहे. त्याच्या हिशेबात वर्षं नाहीत, दिवसच जमा झाले, कारण मृत्यूनं अचानक हिशेब मागितला. मालकांनो, तुमचा नफा किती, तोटा किती? तुम्ही एक नोकर गमावलात, आम्ही एक सोबती, त्यानं जीव. आणि समोरच्या पानावर त्यानं लिहावं, की मरण हा माझा लाभ. दुःखातसुद्धा वखारीचीच भाषा! मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आता याच घराण्यातला तिसरा, माझा सगळ्यात आवडता. जॉर्जचा पुतण्या हेन्री. १६७४ साली मुंबईच्या इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून तो रायगडावर गेला. काकानं ज्यांच्याविरुद्ध वखार लढवली, त्यांच्याच राज्याभिषेकाला पुतण्या हजर, अवघ्या दहा वर्षांत! दरबारात तो लांब उभा होता. दुभाष्या नारायण शेणव्यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून घेतलं. बाहेर पडताना दारात हत्ती आणि पांढरे घोडे दिसले. हे एवढ्या अवघड वाटेनं वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. रायगड चढलेल्यांना वेगळं सांगायला नको. आणि तो खाटीक! इंग्रज मंडळी काही आठवडे गडावर होती. त्यांना मटण पुरवणारा म्हातारा मुद्दाम त्यांना बघायला आला. कित्येक वर्षांत विकलं नाही एवढं मांस यांनी इतक्यात संपवलं, तर ही माणसं आहेत तरी कशी, म्हणून. (हशा)

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय.

जॉर्ज १४ जुलै १६६९ला वारला. तेव्हा सुरतेत मान मोजला जायचा तो मुघली मोजमापानं. कोणाच्या पालखीमागे किती माणसं, कोणाला कसला पोशाख मिळाला. साधा दगडी क्रूस त्या शहरात कोणी ओळखला नसता. घुमट मात्र सुभेदारापासून हमालापर्यंत सगळ्यांना कळत होता. बांधणारे कारागीरही इथलेच, त्यांचा हात घुमटावरच बसलेला. चढाओढ होती ती डचांशी. त्यांचं कबरस्तान जवळच आहे. केरळच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलाबारिकुस' हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रेडे १६९१ साली मुंबईच्या किनाऱ्यालगत जहाजावर वारला, आणि सुरतेत त्याच्यासाठी डचांनी अष्टकोनी दुमजली कबर उभारली. ऑक्झिंडेनला मागे टाकायचं म्हणूनच, असं सांगतात. दोन्ही कबरी एका सकाळी पायी बघून होतात. आधी इंग्रजांकडे जा, मग डचांकडे, म्हणजे चुरस डोळ्यांना दिसते. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या वेळी विचारा.